सोवळ्यातली मेट्रन

ठाण्याच्या वृद्धाश्रमात मी सात वर्षं नर्स होते. पंचवीस म्हातारी माणसं, त्यातली निम्मी अंथरुणाला खिळलेली. त्यांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, बेडपॅन द्यायचं, हे सगळं मी आणि दोन आया करायचो. जुन्या मेट्रनबाई निवृत्त झाल्या, तेव्हा ती जागा आपलीच असं मी धरून चालले. मुंबईच्या इस्पितळातलं शिक्षण होतं, अनुभव होता. आणि मला ती हवी होती, अगदी मनापासून. ठाकुर्लीला भावाला तर मी आधीच सांगून बसले होते.

कमिटीतले सगळे सुशिक्षित, समतेवर भाषणं देणारे. अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी मला समोर बसवून अडचण समजावली. कोठीच्या किल्ल्या मेट्रनकडे असतात आणि देवाच्या नैवेद्याचा शिधाही त्याच कोठीतून निघतो.

"बाई, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही. पण दिवसभर तुमचे हात कुठे कुठे लागतात! त्या हातांनी कोठी कशी उघडायची?"

"साबणाने धुऊन," मी म्हटलं.

कमिटीला ते रुचलं नाही. मग जिने आयुष्यात कुणा आजाऱ्याला हात लावला नाही, अशी बाई शोधण्यात आली. ती चिटणिसांच्या मावसबहिणीतच सापडली. ती रोज सकाळी सोवळ्यात दाराशी उभी राहून विचारायची, "काय आजोबा, बरं आहे ना?" उत्तराला थांबायची नाही, नैवेद्याला उशीर होत असे. माझ्या कामावर शेरा मात्र तीच लिहायची.

वर्षभरात अध्यक्षांना अर्धांगवायूचा झटका आला. घरच्यांनी त्यांना आमच्याकडेच आणून ठेवलं. चार महिने मी दर दोन तासांनी त्यांची कूस बदलली. पाठीला एक जखम होऊ दिली नाही, पुढे धरून धरून चालायलाही लावलं. वार्षिक अहवालात छापून आलं की, मेट्रनबाईंच्या अविरत शुश्रूषेमुळे अध्यक्ष बरे झाले. त्यांना नीट दिसत नसे, म्हणून तो अहवाल मीच वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावली.

मग मेट्रनबाईंच्या यजमानांची नागपूरला बदली झाली. कमिटीची बैठक भरली. अध्यक्षांना दंडाला धरून मीच आत नेलं.

"बाई, या वेळी जागा तुम्हालाच द्यायचं ठरलंय," ते चालता चालता म्हणाले. माझ्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "फक्त एक. यापुढे कुणाही रुग्णाला हात लावायचा नाही."

मी त्यांना खुर्चीत बसवत होते. विचारलं, "कधीपासून?"

"आजपासूनच."

"बरं," मी म्हटलं आणि हात काढून घेतले. खुर्ची अजून वीतभर खाली होती.