तपासनीसांनी गाळलेली दोन पानं

तपासनीसांचे पाय थांबले की लेखकानं ओळखावं, काहीतरी चुकलं. हस्तलिखित हातात धरून ते मोठ्यानं वाचत आणि वाचता वाचता खोलीत येरझाऱ्या घालत. लेखक समोर सतरंजीवर बसलेला. वाक्य सरळ असेल तोवर पाय चालत. लेखक कुठं उगाच फुलारला की थांबत. नुसते बघत. मग तो बिचारा आपणच म्हणे, "काढून टाका." चांगले नावाजलेले वकील आणि निवृत्त हेडमास्तर त्यांच्या पायांकडे टक लावून बसलेले मी पाहिले आहेत.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच होतं. सांगलीच्या एका छापखान्यात वीस वर्षं मुद्रितं तपासल्यावर मालकाशी बिनसलं. मालक म्हणाला, तुमच्यापायी पुस्तकं वेळेवर निघत नाहीत. हे म्हणाले, मग माझ्याशिवाय काढा. पन्नाशी उलटलेला हा गडी एक ट्रंक घेऊन साताऱ्याला आला, आमच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली आणि दारावर पाटी लावली : 'लेखन तपासून मिळेल.' आमचे मामंजी पाटी वाचून म्हणाले, "हा माणूस उपाशी मरणार."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पहिले चार महिने लग्नपत्रिका आणि कचेरीत द्यायचे अर्ज यापलीकडे काही आलं नाही. पण तपासनीसांना पत्रिका आणि ग्रंथ सारखेच. अर्जात कुणी 'मी दीन, लाचार, आपल्या पायाची धूळ' असं लिहिलं असेल तर ते सरळ खोडत. "काम सांगायचंय, रडायचं नाही," म्हणत. त्यांनी तपासलेले अर्ज लवकर मंजूर होतात अशी गावात वदंता उठली आणि धंद्यानं मूळ धरलं. पुढं वाईहून, कऱ्हाडहून, तासगावहून हस्तलिखितांची पुडकी टपालानं यायला लागली.

काम वाढल्यावर छापखान्यासाठी स्वच्छ प्रत करायला माणूस हवा झाला. माझं अक्षर बरं होतं. सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली, तेव्हा तपासनीस त्यांना म्हणाले, "वहिनी, सूनबाई कुठं जात नाहीत. घरातच आहेत, फक्त भिंतीच्या अलीकडे." त्यावर सासूबाईंना हसू आलं आणि माझी दुपार मोकळी झाली. लिहायला, वाचायला आणि नीट गप्प बसायला मी त्या खोलीत शिकले.

त्यांच्या दोन गोष्टी पक्क्या होत्या. एक, "वाचणारा आपला मिंधा नाही." कंटाळवाणं पान त्याच्या माथी मारायचा आपल्याला अधिकार नाही. आणि दुसरी, "लेखक समोर नसेल तर पेन्सिल खाली." लेखकाच्या देखत वाचल्याशिवाय ते एक ओळही काढत नसत. एकदा आटपाडीहून आलेल्या एका कीर्तनकारांना दोन ओळींसाठी त्यांनी तीन दिवस ठेवून घेतलं होतं, आणि जेवायला आमच्याकडे! ही दुसरी गोष्ट त्यांनी माझ्यासमोर एकदाच मोडली.

दुसरं महायुद्ध चालू होतं. दहिवडीच्या वाटेवरच्या एका गावचे सुभेदार काठी टेकत आले. आधीच्या महायुद्धात ते इराकात बसऱ्याकडे लढले होते. त्या आठवणी त्यांनी वह्यांत लिहून काढल्या होत्या. मजकूर रांगडा, पण जिवंत. तपासनीसांचे पाय क्वचितच थांबले. शेवटची वही वाचायची राहिली होती, तेवढ्यात सुभेदारांच्या पायाचं दुखणं बळावलं आणि त्यांना पुण्याला लष्करी इस्पितळात हलवलं. जाताना म्हणाले, "शेवटची दोन पानं लय सांभाळा, मास्तर."

त्या दोन पानांत अकरा नावं होती. नाव, बापाचं नाव, घर कुठल्या आळीत, एवढंच. सुभेदारांच्या गावातून त्या आधीच्या लढाईला गेलेली आणि परत न आलेली पोरं.

लढाईमुळं कागदाची टंचाई होती. छापखान्याचा निरोप आला : कागद मिळालाय, पण चौसष्ट पानांचाच, उद्या प्रत द्या, नाहीतर वर्षभर विसरा. आमची पानं होत होती सहासष्ट. तपासनीस बराच वेळ वही उघडून उभे राहिले. मग त्यांनी ती दोन पानं आडव्या रेघेनं काढून टाकली.

"काका, सुभेदारांना विचारलंत?" मी म्हटलं.

"नुसती नावं कोण वाचणार, सूनबाई? पुस्तक निघणं महत्त्वाचं. त्यांना मी समजावीन."

ती पानं सोडून प्रत केली ती माझ्याच हातानं. तो दोष माझाही आहे.

पुस्तक निघालं. सुभेदार गावी परतल्याचं कळताच तपासनीस प्रती घेऊन हौसेनं गेले. दुसऱ्या दिवशी प्रती तशाच घेऊन परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. सगळं गाव देवळात जमलं होतं, त्यांनी सांगितलं. सुभेदारांनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं, पाहिलं आणि मिटलं. तेवढ्यात धोंडाई नावाची एक म्हातारी पुढं आली. तिला अक्षरओळख नव्हती. म्हणाली, "आवं मास्तर, माझ्या गणूचं नाव कुठं हाय? माजं बोट ठिवा की त्येच्यावर."

"आणि मी ठेवलं, सूनबाई," तपासनीस म्हणाले. "समोर येईल त्या ओळीवर ठेवलं. खेचरांच्या चाऱ्याबद्दलची ओळ होती ती. तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं आणि कपाळाला लावलं."

निघताना सुभेदार त्यांना वेशीपर्यंत पोचवायला आले होते. तिथं एवढंच म्हणाले, "ती पोरं मीच भरती केली हुती, मास्तर. त्यांच्या आयांना म्हनलं हुतं, परत आनतो. न्हाई आनली. मग म्हनलं, निदान नावं छापतो."

तपासनीस त्या दिवशी जेवले नाहीत. नव्यानं छापायला कागद नव्हता. मग शाळेच्या वह्यांची कोरी पानं जमवून मी ती अकरा नावं लिहायला बसले, आणि ते खळीनं एकेक पान पुस्तकात चिकटवत गेले. छापलेल्या सगळ्या प्रती आम्ही अशा पुऱ्या केल्या. मला पंधरवडा लागला. अकराही नावं मला अजून पाठ आहेत.

तपासनीस त्यानंतर तीन वर्षांनी गेले. पाटी पुढं मी चालवली. माझ्या हाताखालून कितीतरी पुस्तकं गेली. लोक मला विचारतात, तपासनीसांकडून काय शिकलात? मी शुद्धलेखन वगैरे काहीतरी सांगते. खरं सांगायचं तर मला आठवतो तो त्यांचा सुभेदारांच्या गावचा दुसरा फेरा. तेव्हा त्यांनी मलाही बरोबर नेलं होतं.

लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून कोळशावर चालणारी मोटार ढेकळांतून आदळत गावात पोचली. सुभेदारांच्या हाती प्रती देऊन तपासनीस तडक धोंडाईच्या घरी गेले. ती उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. हे हात जोडून म्हणाले, "आजी, मागच्या खेपेला मी तुम्हाला फसवलं."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "तुमचा हात कापत हुता. माझ्या गणूच्या नावावर तुमचा हात कशापायी कापंल?" मग तिनं पदराला बोटं पुसली आणि हात पुढं केला. "आता ठिवा."

तपासनीस खाली बसले. तिचं बोट धरून त्यांनी माझ्या अक्षरावरून हळूहळू नेलं : नाव, बापाचं नाव, आळी. ओळ संपली तसं बोट थांबलं.

"झालं?"

"झालं, आजी."

तिनं कागदाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "एवढंच व्हय?"

तपासनीसांचे डोळे भरून आले होते. त्यांनी माझ्याकडून एक कोरं पान मागून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "सांगा, आजी. गणू कसा होता?"

म्हातारी बोलायला लागली. गणू लहानपणी माती खायचा इथपासून तिनं सुरुवात केली. परतीची मोटार आली आणि गेली. तपासनीस लिहीत होते.