डाव्या चाकाचे उलटे आटे

आमच्या ह्यांचे हात मी पहिल्यांदा पाहिले तेव्हाच मनात म्हटलं होतं, हा माणूस आयुष्यात कधी खिळा ठोकणार नाही. तसंच झालं. ग्रंथालयातली नोकरी, पुस्तकांवरची धूळसुद्धा हे फुंकर मारून उडवायचे. घरातला बल्ब मी बदलायचे, नळाचा वायसर मी बदलायचे आणि माझ्या शिलाई मशीनला तेल घालायची वेळ आली की हे "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणत सटकायचे. अशा माणसाच्या अंगणात मोठ्या भावाची जुनी जीप येऊन उभी राहिली.

माझे मोठे दीर विजेच्या टॉवरांची पाहणी करत डोंगरातून हिंडायचे. खात्यानं जीप मोडीत काढली तेव्हा त्यांनीच ती घेतली. "माझ्या गाडीला परक्याचा हात लागलेला नाही," हे ते आल्यागेल्याला ऐकवायचे. माणूस बढाईखोर, पण बढाई खरी होती. मग त्यांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला, उजवा पाय ओढत चालायची वेळ आली. जाऊबाई आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. ते आमच्याकडे राहायला आले आणि मागोमाग जीपही आली.

त्यांची एकच इच्छा होती. खिंडीच्या वर शेवटचा टॉवर आहे, तिथे एकदा जायचं. जाऊबाई असताना सुट्टीच्या दिवशी दोघं डबा घेऊन तिथे जायचे आणि दिवसभर बसायचे. रस्ता असा की साधी गाडी चढतच नाही.

"बाळ्या, तू मला ने," ते ह्यांना म्हणाले. साठी उलटलेल्या माझ्या नवऱ्याला बाळ्या म्हणणारं तेवढं एकच माणूस उरलंय. "पण आधी गाडी तू स्वतः दुरुस्त करायची. जो चालवतो त्याला ती उघडता आली पाहिजे. वर मदतीला कोण येणार? तू हात घातलास तरच मी बसणार."

ह्यांनी मान डोलावली. भावासमोर हे नेहमीच मान डोलावतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांनी खुर्ची अंगणात, बरोबर जीपच्या समोर टाकायला लावली आणि कान टवकारून बसले. ह्यांनी बॉनेट उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि पुन्हा मिटलं. असं दोन-तीनदा झालं. मग म्हणाले, "इथे अवजारं पुरत नाहीत. एका मित्राची शेड आहे, तिकडे नेतो." दिरांनी नेऊ दिली. खुर्ची मात्र रोज तिथेच मांडायला लावायचे, समोर जीप असो वा नसो.

हे दुपारी जायचे आणि संध्याकाळी काळेकुट्ट हात घेऊन परतायचे. दीर हाक मारायचे, "बघू हात." आपल्या चांगल्या डाव्या हातात ह्यांचा हात घ्यायचे, उलटा करायचे, सुलटा करायचे.

"आज काय केलंस?"

"कार्बुरेटर साफ केला."

"बरं."

एकदा हे म्हणाले, "आज चारही चाकं उतरवली. ब्रेक साफ केले."

"चारही?"

"हो तर."

"बरं," दीर म्हणाले आणि हात सोडला.

मला तर अभिमानानं भरून आलं होतं. शेजारणीपाशी मी ह्यांचं कौतुकही करून आले. आता ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते. कारण त्याच आठवड्यात दोऱ्याची रिळं आणायला गेले आणि वाटेतल्या गॅरेजसमोर आमची जीप दिसली. खाली मेकॅनिक आडवा झालेला, नुसते पाय बाहेर. आणि आमचे हे स्टुलावर बसून पेपर वाचत होते. वाचून झाल्यावर पेपराची नीट घडी केली, ग्रीसच्या डब्यात दोन बोटं बुडवली आणि क्रीम लावावं तसं तळहाताला, बोटांना, मनगटाला चोपडलं. शेवटी गालावर एक ठिपका.

मी ताडपत्रीच्या आड लपले. चोरी ह्यांची आणि तोंड लपवायची वेळ माझ्यावर! रस्त्यावरची माणसं आपल्याकडेच बघताहेत असं वाटत होतं. रिळं न घेताच घरी आले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ह्यांना गाठलं. "नाकावर लावायचं राहिलं की."

हे पांढरेफटक पडले. "दादाला सांगू नकोस. मला नाही गं जमत. प्रयत्न केला, पण त्याच्यासमोर हातातला पाना सटकतो. गाडी नीट झाली म्हणजे झालं ना? त्याला वर नेतो, तो खूश होईल."

मी सांगितलं नाही. पण त्यानंतर रोज संध्याकाळी दीर ह्यांचा हात बघायला लागले की मी आतल्या खोलीत निघून जायचे.

गाडी नीट झाली. एका स्वच्छ सकाळी आम्ही निघालो. पुढे हे दोघे, मागे मी आणि डबा. दीर ताठ बसलेले, डाव्या हातानं समोरची दांडी घट्ट धरलेली. "झोप लागली तर डोळा लावा थोडा," मी म्हटलं. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत मी डोळा मिटत नाही."

अर्धा चढ गेला आणि मागचं डावं चाक बसलं. पंक्चर. हे एकदम उत्साहात उतरले. निदान चाक बदलणं तरी आपल्या आवाक्यातलं, असं वाटलं असणार. नटावर पाना बसवला आणि डावीकडे जोर लावला. नट हलेना. पुन्हा जोर लावला. मग पान्याच्या दांड्यावर चक्क उभे राहिले आणि एक उडी मारली. काडकन आवाज झाला. नटासकट बोल्टच तुटला आणि हे खाली आपटले.

दीर पुढच्या सीटवरून, मागे न बघताच बोलले. "डावी बाजू आहे. ह्या गाडीला डावीकडचे आटे उलटे. उजवीकडे फिरवल्यावर सुटतात."

 ज्यानं एकदा जरी त्या गाडीचं डावं चाक उतरवलं असेल, त्याला हे ठाऊक असणार. आणि ह्यांनी तर चारही उतरवली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्यांचं काय झालं असेल ते मी पाहिलं नाही, पाहवलंच नाही.

"दादा, मी एकही चाक उतरवलेलं नाही," हे खाली मातीतच बसून म्हणाले. "सगळं मेकॅनिकनं केलंय."

"माहीत आहे. पहिल्या दिवसापासून. हाताला ग्रीस असायचं, बोटांना साधा ओरखडा नसायचा."

"मग बोलला का नाहीस?"

 "रोज वाटायचं, आज तरी खरचटलेलं असेल. बाळ्या, मला तुला शिकवायचं होतं रे. दुसरं काय उरलंय माझ्याकडे द्यायला? पण 'माझ्यापाशी बस, शीक' असं सरळ म्हणायची लाज वाटली. म्हणून अट घातली."

रोज अंगणात रिकाम्या जागेसमोर खुर्ची टाकून बसणारा हा माणूस. आम्ही दोघांनी मिळून त्यांना तिथे नुसतं बसवून ठेवलं होतं. माझ्या अंगाची आग झाली, आणि ती ह्यांच्यावरची होती की स्वतःवरची, ते मला सांगता येणार नाही.

दीर खाली उतरले आणि दगडावर बसून एकेक गोष्ट सांगत गेले. ह्यांनी चाक बदललं. पाचातला एक बोल्ट गेलेला, म्हणून दीर म्हणाले, "असल्या चाकानं वर जायचं नाही. फिरव गाडी." डबा आम्ही घरी येऊन उघडला. 

त्यानंतर जीप अंगणातून हलली नाही आणि समोरची खुर्चीही. मेकॅनिकनं केलेलं सगळं काम दिरांनी उघडून पुन्हा पहिल्यापासून ह्यांच्याकडून करून घ्यायला सुरुवात केली. दीर ओरडायचे, ह्यांची अक्कल काढायचे, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा पाणउतारा करायचे. हे खाली मान घालून पाना फिरवायचे. बोटं सोलून निघाली, एक नख काळं पडलं. संध्याकाळी दीर हात बघून खुदकन हसायचे. "आज खरं लागलंय!" दोन म्हाताऱ्यांचं ते खेळणं बघून मला बरं वाटायचं, आणि आधीचे फुकट गेलेले दिवस आठवून वाईटही.

फक्त ब्रेक राहिले होते, तेव्हा दिरांना दुसरा झटका आला. ह्यावेळी वाचा गेली. इस्पितळातून आणल्यावर पलंग खिडकीपाशी टाकला, पण आडवं पडून त्यांना अंगण दिसत नसे. ह्यांनी एकट्यानं ब्रेक पूर्ण केले. मी पाहिलंय, चारही चाकं उतरवली. संध्याकाळी हात दाखवायला गेले. दिरांनी हात उलटासुलटा केला. ग्रीस होतं. पण एव्हाना ह्यांच्या हाताला सवय झाली होती. पाना सटकत नव्हता, बोटांना कुठे लागत नव्हतं. ओरखडा नव्हता. दिरांनी हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"दादा, खरंच केलंय. हिला विचार." मी मोठमोठ्यानं हो म्हटलं. पण आमचं हो आता कशाच्या भरवशावर मानायचं त्यांनी?

दुसऱ्या दिवशी दुपारी कपडे वाळत घालायला बाहेर आले, तर हे अंगणाच्या भिंतीवर बोटांची पेरं घासत होते. जोर लावून, दात आवळून.

"अहो, वेड लागलंय का?"

"त्याला पटत नाही गं. खोटं होतं तेव्हा बरं म्हणत होता, आता खरं आहे तर पटत नाही."

 मी पुन्हा कपडे वाळत घालायला लागले.

संध्याकाळी दिरांनी ती रक्ताळलेली पेरं पाहिली.  मग अंगठ्यानं जखमेवरून हळूच पुसलं आणि अंगठा ह्यांच्यासमोर धरला. त्याला भिंतीचा चुना लागला होता. ते रागावले नव्हते, डोळे भरून आले होते. हे तिथेच पलंगाच्या काठाशी मटकन बसले.

सकाळी उठून ह्यांनी जीप खिडकीला अगदी चिकटून लावली, डावी बाजू घराकडे करून. मला म्हणाले, "दादाला उठवून बसव." मी मागे उशा लावल्या. ह्यांनी नटावर पाना ठेवला आणि उजवीकडे फिरवला. थांबले नाहीत, आठवावंही लागलं नाही. हातच तसा वळला. चाक उतरवलं, ड्रम काढून आतले ब्रेक दाखवले, सगळं परत जागच्या जागी बसवलं. दीर पापणी न हलवता बघत होते. मग त्यांनी पलंगाखाली बोट दाखवलं. मला वाटलं पाणी हवंय. त्यांना चपला हव्या होत्या.

त्यांना नेणं शहाणपणाचं होतं की नव्हतं, देव जाणे. दोघांनी धरून सीटवर बसवलं, पट्ट्यानं नीट बांधलं आणि निघालो. चढावर ह्यांचा कान सारखा इंजिनाकडे. मला कळत होतं, काहीतरी मोडावं आणि भावासमोर दुरुस्त करता यावं, असं ह्यांना वाटत होतं. काही मोडलं नाही. गाडी गुमान चढत गेली.

वर टॉवरपाशी पोचलो, ह्यांनी इंजिन बंद केलं, तेव्हा आवाज ऐकू आला. दीर घोरत होते. मान एका बाजूला कललेली, डावा हात दांडी सोडून मांडीवर पडलेला.

"उठवू?" मी हळूच विचारलं.

"नको. दादा कुणाच्या गाडीत झोपत नाही." हे स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे बघत होते. मग तोंड पलीकडे फिरवलं. "पहिल्याच वेळी वर आलो असतो, तर वहिनीबद्दल काहीतरी बोलला असता गं. तेव्हा त्याला बोलता येत होतं."

ते जागे होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.