सटवाचा दणकट पाय

उद्या मेंढरं घेऊन निघायचं म्हटलं की सटवाच्या घरात पायाबद्दल वाईट बोलत नाहीत. कुणाच्या टाचा फुटलेल्या असोत, कुणाला काटा मोडलेला असो, त्या दिवशी सगळ्यांचे पाय दणकट. पुढचे सहा-सात महिने त्याच पायांवर रानोमाळ काढायचे असतात, तेव्हा निघायच्या तोंडावर त्यांना नावं ठेवायची नाहीत, हा घरातला आजा-पणजापासूनचा कायदा. फक्त तो तहसील कार्यालयाला कुणी कळवलेला नव्हता.

नेकनूरच्या अलीकडं सडकेला लागून वस्ती आहे. दिवाळी नुकतीच झाली होती. नारळ फुटला होता, गुलाल उधळून झाला होता, तट्टावर घोंगडी, तवा, पाण्याचे कॅन बांधून झाले होते आणि ओझं घसरतं की काय हे बघायला सटवा स्वतःच तट्टावर बसला होता. नेमका तेव्हाच मोटारसायकलवरून एक साहेब उतरला. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाईल. अपंगांचं अनुदान घेणारे खरोखर अपंग आहेत का, हे बघायला आला होता.

"सटवा कोण?"

"मीच की."

"पाय कसा आहे आता?"

समोर सगळी भावकी उभी. मागं मेंढरं. सटवानं उजव्या मांडीवर थाप मारली. "लई दणकट हाय, साहेब!"

"मेंढरांमागं जाता?"

"जाता म्हंजे? जलमल्यापून जातो!"

भावकी हसली. साहेबानं दोन ओळी लिहिल्या आणि चहा न घेताच निघून गेला. दारात उभ्या त्याच्या बायकोनं, भामाबाईनं, तोंडाला पदर लावला, पण बोलली नाही. कायदा तिलाही होता.

आता खरं सांगायचं तर सटवाचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही आणि डाव्यापेक्षा चार बोटं आखूड आहे. परळीच्या रस्त्यावर मेंढरं पलीकडं काढताना वीज केंद्राच्या राखेचा टिप्पर त्याच्या पायावरून गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. जिल्ह्याच्या दवाखान्यानं पंचेचाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र दिलं तेव्हापासून भावकीत त्याचं नावच 'पंचेचाळीस' पडलं. सटवाचं उत्तर ठरलेलं होतं: "राहिलेल्या पंचावन्नमदी तुमी सगळे बसताल बे!"

आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. कळप फिरायला निघाला की सटवा तट्टावर बसून मुक्कामाला पोचायचा. बाकीचे दिवसभर चालायचे, हा बसल्या जागी भाकरी थापायचा, नवी कोकरं मांडीवर घेऊन दुधाला लावायचा, कुठल्या मेंढीच्या पोटात दुखतंय ते तिच्या कानावरून ओळखायचा. त्याबदल्यात त्याला खायला मिळायचं आणि त्याची पंधरा मेंढरं कळपात फुकट चरायची. घरी मागं राहिलेली भामाबाई मात्र अनुदानावरच जगायची. तिचं पीठ-मीठ, तेल, साखरेच्या आजाराच्या गोळ्या, सगळं त्यातूनच.

संक्रांतीच्या आधी ते अनुदान यायचं थांबलं. मग पत्र आलं. त्या पाठोपाठ दुसरं पत्र आलं. भामाबाईनं दोन्ही पत्रं देवाच्या फोटोमागं ठेवली आणि पुतण्या हरिओमला दिंद्रुडकडं फोन लावायला सांगितला. तिथल्या काळ्या रानात तेव्हा खतासाठी मेंढरं बसवलेली होती. बंकट म्हणजे कळपाचा कारभारी, सटवाचा लहानपणापासूनचा जोडीदार. त्यानं सटवाला एसटीत बसवून दिलं आणि सांगितलं, "चार दिसांत माघारी ये. मेंढ्या व्यायला लागल्यात."

हरिओम बारावी झालेला, नेकनूरला मोबाइलच्या दुकानात कामाला. कागद वाचायचा मान त्याचा. त्यानं घसा खाकरला.

"'विषयांकित प्रकरणी आपणास कळविण्यात येते की, स्थळपाहणीअंती आपण श्रमाची कामे करण्यास सक्षम असल्याचे निदर्शनास आल्याने आपले अर्थसहाय्य पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यात येत आहे.'"

"म्हंजे?"

"म्हंजे तात्या, तुमचा पाय सरकारनं बरा केला."

"आन दुसरं?"

"'याबाबत आपले लेखी म्हणणे सात दिवसांत सादर करावे. अन्यथा आपले काही एक म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.'" हरिओमनं तारीख बघितली आणि पत्र उलटं करून पुन्हा बघितली. "ही मुदत पत्र यायच्या आधीच संपली."

सटवानं पत्राकडं बोट केलं. "मंजी माजं काय म्हणणंच न्हाई, हे त्यांनी ठरवून टाकलं?"

"गृहीत धरलं."

"बायकूनं कदी धरलं न्हाई बे असं."

भामाबाई चुलीपुढून म्हणाली, "त्या दिशी मांडीवर थाप मारली तवा लई म्हणणं होतं तुमचं."

दुसऱ्या दिवशी चुलता-पुतण्या तहसीलला गेले. टेबलामागं मोहिनी मॅडम होत्या. बाई काही वाईट नव्हती. सटवाला बसायला खुर्ची दिली, प्रमाणपत्र नीट वाचलं.

"प्रमाणपत्र बरोबर आहे."

"मग झालं की," सटवा म्हणाला.

"पण अहवालात तुम्हीच सांगितलंय, पाय दणकट आहे. मेंढरांमागं जाता."

"ते निघायच्या दिशीचं होतं, बाई. त्या दिशी पायाला वंगाळ बोलत न्हाईत आमच्यात."

मॅडमनी हरिओमकडं बघितलं. हरिओमनं खाली बघितलं. ही अडचण लिहायला कुठल्याच अर्जात रकाना नव्हता.

"अहवाल खोडता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "नवीन पाहणी होईल. तोपर्यंत अर्ज द्या, आणि ज्यांच्याबरोबर तुम्ही जाता त्यांचा जबाब जोडा, की तुमच्याच्यानं ते काम होत नाही."

"पाहणीला कवा येत्याल?"

"तारीख आधी सांगत नाहीत. येतील तेव्हा तुम्ही घरी पाहिजे. नसलात तर मेंढरांमागं गेलात असंच लिहितील."

सटवा खुर्चीतून उठला तो हात टेकवूनच. "मंजी घरीच बसायचं. किती दिस?"

"येतील तोपर्यंत."

बंकटनं दिलेले चार दिवस संपले. आठवडा गेला. सटवा ओट्यावर बसून सडकेकडं बघायचा. मोटारसायकलचा आवाज आला की सावरून बसायचा. कधी दूधवाला असायचा, कधी कुणाचा जावई. नेकनूरच्या बाजाराला जायचं त्यानं बंद केलं. भावकीतल्या लग्नाला भामाबाई एकटीच गेली. हरिओम येता-जाता चिडवायचा, "तात्या, जामीन कवा मिळतोय?" पहिले दोन-तीन दिवस सटवा हसला. मग हरिओमनंच चिडवायचं सोडून दिलं. रात्री सटवाला झोपेत कोकरांचे आवाज यायचे आणि भामाबाईच्या गोळ्यांच्या पाकिटात दोनच गोळ्या उरलेल्या दिसायच्या. गोळ्या सोडून माणूस जगेल का, हे त्यानं एकदाही तोंडानं विचारलं नाही.

शेवटी बंकटच आला. बोकड विकायला नेकनूरला आला होता, तसाच वस्तीवर आला. त्यानं आधी ओट्यावर बसलेल्या सटवाकडं बघितलं.

"कावून बे, नवरदेवावानी बसलास?"

सटवानं सगळं सांगितलं. हरिओमनं जबाब आधीच लिहून ठेवला होता. त्यानं वाचून दाखवला: सदर इसम मेंढ्यांच्या मागे चालण्यास असमर्थ असून कळपातील कोणतेही काम त्याच्याच्याने होत नाही.

बंकट ऐकत राहिला. "आन कोकरं? गेल्या साली पोटात आडवी आलेली कोकरं कुणी काढली? ते लिव की."

"ते लिवलं की तात्या पुन्हा सक्षम."

"कोणतंबी काम होत न्हाई, हे मी कसं सांगू बे?"

"सांग," सटवा म्हणाला.

बंकटनं पेन घेतलं, पण सही केली नाही. "मग तुला तट्टावर नेता यायचं न्हाई. हाय ना ध्यानात? उद्या कुणी फोटू काढून दिला तर तुजं अनुदान गेलं, आन माजा जबाब खोटा."

आतून भामाबाईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

"सही कर, गड्या," सटवा म्हणाला.

बंकटनं सही केली आणि कागदाकडं न बघता हरिओमच्या हातात दिला.

पाहणी फाल्गुनात झाली. या खेपेचा साहेब तरुण होता. "चालून दाखवा," म्हणाला. सटवा ओट्यावरून उतरला आणि पाय ओढत लिंबापर्यंत जाऊन आला. सगळी वस्ती बघत होती. "दुखतो का?" साहेबानं विचारलं. "लई," सटवा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं ते चारचौघांत सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, तरी कान लाल झाले.

उन्हाळ्यात अनुदान सुरू झालं. भामाबाईच्या गोळ्या आल्या. पाठोपाठ पत्रही आलं: यापुढे दरवर्षी कोणत्याही दिवशी पूर्वसूचनेशिवाय पाहणी करण्यात येईल, लाभार्थ्याने निवासस्थानी उपस्थित राहावे. हरिओमनं ते या वेळी घसा न खाकरता वाचलं. सटवानं त्याचा अर्थ विचारला नाही.

पावसाच्या तोंडावर कळप परत आला. बंकटनं सटवाची मेंढरं वेगळी काढून दारात आणून सोडली. एक दगावली होती, सात कोकरं नवी होती. त्यांच्यात अशी रीत आहे, की बाहेरच्या माणसाची मेंढरं कुणी सांभाळली तर सांभाळणाऱ्याला त्यातलं एक कोकरू द्यायचं. कळपातल्या माणसाला ते द्यावं लागत नाही. सटवानं सगळ्यांत चांगलं, काळ्या तोंडाचं कोकरू उचललं आणि बंकटपुढं धरलं.

बंकटनं हात मागंच ठेवले. "हे कशाचं?"

"सांभाळल्याचं."

"तू काय गिऱ्हाईक हाईस का बे?"

"रीत हाय."

"असंल." बंकट तांब्यातलं पाणी प्याला. "दिवाळीला बघू."

दिवाळीला कळप सटवाला सोडूनच निघणार, हे दोघांनाही माहीत होतं. बंकट तट्टाला हाकत निघून गेला. कोकरू सटवाच्या हातात वळवळत राहिलं, मग त्यानं ते खाली सोडलं.

"द्यायचं ऱ्हायलं न्हवं ते?" भामाबाईनं विचारलं.

"ऱ्हायलं," सटवा म्हणाला आणि सडकेवर मोटारसायकलचा आवाज आला तसा सावरून बसला.