तोंडाला वास नव्हता

गुजरातेत दारूबंदी आणि आमच्या सिल्वासात दारूच दारू. बसथांब्यापासून कॉलनीपर्यंत बारच्या पाट्या वाचतच यावं लागे. त्यामुळे कॉलनीतल्या मराठी घरांत एक रीत पडली होती. पोरगा संध्याकाळी आला की त्याला दारातच थांबवायचं आणि म्हणायचं, "हा कर." त्याने श्वास सोडायचा, थोरल्याने हुंगायचा, मगच पोरगा आत.

माझा धाकटा दीर आमच्याकडे राहून वापीच्या एका कॉलेजात शिकत होता. सासूबाईंनी धुळ्याहून पाठवताना एकच बजावलं होतं, "पोऱ्याले दारूपासून दूर ठेव." हे रोज इमानेइतबारे त्याचं तोंड हुंगत. ह्यांचं नाक मोठं तरबेज. कारखान्यात ड्रमचं झाकण न उघडता आत कुठलं केमिकल आहे ते सांगत, असं ते स्वतःच सांगत. वास कधी आला नाही. "आपला भाऊ म्हणजे सोनं," हे शेजाऱ्यांना ऐकवत.

सोन्याची भूक मात्र गेली. बाथरूममध्ये शिरला की बाहेर यायचं नाव नाही. ऐन उन्हाळ्यात नाक गळायचं. एकदा बाथरूमच्या खिडकीत मला सिगारेटच्या पाकिटातली चांदी मिळाली, खालून जळलेली, वर काळा ओघळ. ह्यांना दाखवली. "सिगारेट ओढत असेल. दारू तर पीत नाही ना? मग झालं." मलाही ते पटलं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी आमची गत.

एका रविवारी दुपारी तो बाथरूममध्येच पडला. दार तोडलं. पलीकडच्या गल्लीतले गुजराती डॉक्टर धावत आले, त्यांनी त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या आणि विचारलं, "गर्द कबसे लेता है?"

"डॉक्टर, माझा भाऊ दारूला शिवत नाही," हे चिडून म्हणाले.

"वो तो मैं जानता हूँ. दारू पीता तो आप लोग कब का पकड लेते."

गर्द म्हणजे ब्राउन शुगर, हे मी मुंबईच्या वर्तमानपत्रांत वाचलं होतं. माझ्या हातची भाकरी खाणारं, मला वहिनी वहिनी करणारं पोर ती पूड माझ्याच बाथरूममध्ये त्या चांदीवर जाळून ओढत होतं. संतापापेक्षा मला भीतीच जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर होता. त्याच्या बॅगेत पुड्या निघाल्या. "सगळ्या माझ्या नाहीत वहिनी, दोस्तांच्या पण आहेत," तो म्हणाला. ह्यांनी पुड्या शर्टाच्या खिशात कोंबल्या. "चल पोलिसात. पिऊन सापडला की एक रात्र आत ठेवतात, सकाळी सोडतात. तशी एक रात्र काढ, अक्कल ठिकाणावर येईल." सारी उमर दारूचेच कायदे पाहिलेला माणूस, दुसरा कायदा त्याच्या डोक्यात येणार कुठून? मी रस्ता अडवला. आधी वकिलाकडे चला, म्हटलं.

वकील आमच्याच कॉलनीतले, मूळ नाशिकचे. त्यांनी सगळं ऐकलं. "हा अमली पदार्थांचा, पंच्याऐंशीचा कायदा आहे. पूड अगदी थोडी असेल आणि ती स्वतःपुरती होती हे ह्याने सिद्ध केलं, तर शिक्षा कमी. दोस्तांसाठी आणली म्हणाला, की दहा वर्षं. जामीनही कठीण. आणि आत्ता पुड्या तुमच्या खिशात आहेत, म्हणजे आधी तुम्हीच आत जाल."

ह्यांचा हात शर्टाच्या खिशावर गेला.

"स्वतःहून उपचाराला गेला तर कायदा सवलत देतो," वकील पुढे म्हणाले. "पण उपचार पुरे करावे लागतात. आजच घेऊन जा."

आम्ही तिघंही दिराकडे पाहू लागलो. दहा वर्षं ऐकून तो रडेल, भावाचे पाय धरेल, असं मला वाटलं होतं. त्याने बाहीला नाक पुसलं आणि अगदी अदबीने विचारलं, "साहेब, जेलमध्ये मिळते का?"

पुड्या वकिलांच्याच संडासात गेल्या. मग ह्यांनी भावाचं मनगट धरलं आणि दवाखाना येईपर्यंत सोडलं नाही.