अहिल्येचा तक्ता

अहिल्या मोहिते सांगलीची, आणि पक्की चिकट. हॅनोव्हरला आम्ही दोघी एका घरात राहायचो, पण तीन वर्षांत तिने मला दह्याचा एक रिकामा डबा फेकू दिला नाही. मी पुण्याची, मला पसारा सोसत नाही. रोज जुंपायची आमची. पण बाई हुशार, त्यात वादच नाही. २००६ साली तिची पीएचडी संपत आली होती. कॅन्सरच्या रोग्याला किरणांचा डोस शरीरात कुठे किती पडेल, याचा भलामोठा तक्ता तिचा प्रोग्रॅम काढायचा. एका क्लिनिकाने तो चाचणीसाठी घेतला होता.

तिची कॉम्प्युटरची भाषा अशी, की एकेक आकडा नाही, अख्खा तक्ताच एकदम हाताळायचा. पण एका चौकटीत बदल केला तरी ती भाषा जुन्या तक्त्याला हात लावायची नाही, सगळा नव्याने उतरवून घ्यायची. कोट्यवधी चौकटी! चाळीस मिनिटं जायची. डॉक्टर कुरकुरायचे, आणि अहिल्येचा तर जीव जळायचा. एका शब्दासाठी अख्खी वही परत लिहायची, ही काय उधळपट्टी, म्हणायची.

भाषेत एक सोय होती. हा तक्ता दुसरं कुणी वापरत नाही अशी खात्री असेल, तर जागच्या जागी खोडून लिहिता येतं. ती खात्री भाषा स्वतः करून घ्यायची, त्यातही वेळ जायचा. अहिल्येने ती तपासणी बंद केली आणि स्वतःच सांगून टाकलं, दुसरं कुणी नाही. चाळीस मिनिटांची तीन झाली. त्या आनंदात तिने शिरा केला, तोही भरपूर तुपातला, म्हणजे बघा.

गुरुवारी सकाळी आठला डॉक्टरांचा फोन आला. फ्राउ बेरेन्स म्हणून एकाहत्तर वर्षांच्या बाई होत्या, त्यांची गाठ मणक्याला लागून. नव्या स्कॅनवरून काढलेला तक्ता जुन्या तक्त्याशी ताडून पाहिला, तर फरक शून्य. डॉक्टर खूश. आधीचाच डोस ठेवतो, नऊला सुरू करतो, म्हणाले. तपासणाऱ्या दुसऱ्या माणसानेही तेच शून्य पाहून सही केली होती.

फोन ठेवला आणि अहिल्या मटकन खाली बसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, गाठ महिनाभरात बारीक झाली आहे, मग एकूणएक चौकटीत फरक शून्य येईलच कसा? डॉक्टर ज्यावर दोन तक्ते ताडून बघायचे तो पडदा जुना तक्ता अजून वापरत होता, आणि दुसरं कुणी नाही असं हिने सांगितल्यामुळे प्रोग्रॅमने नवा त्याच्यावरच लिहिला होता. डॉक्टर नव्याची तुलना नव्याशीच करत होते.

डॉक्टरांना फोन कर, मी म्हटलं. तर ही हलेना. मार्चमध्ये तिचा इन्स्टिट्यूटमधल्या नोकरीचा करार संपत होता, वाढवणं प्रोफेसरांच्या हातात, आणि कराराशिवाय व्हिसा नाही. तिकडे सांगलीत तिच्या वडिलांनी, राजाभाऊंनी, पोरगी डॉक्टरेट होणार म्हणून गावभर सांगून ठेवलेलं. तिने लॅपटॉप उघडला आणि इन्स्टिट्यूटच्या मशीनवर जुना, संथ प्रोग्रॅम लावला. आठ वाजून बारा मिनिटं झाली होती.

"चाळीस मिनिटं लागतील," ती म्हणाली. "नऊच्या आत कळेल. काही नसलंच, तर कशाला उगाच..."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. बाई वाचतील आणि हिची नोकरीही वाचेल. दहा मिनिटं आम्ही पडद्याकडे बघत बसलो. फरक नसू दे, फरक नसू दे, म्हणून मी देवाला विनवत होते. लाज वाटते आता.

मग ती एकदम म्हणाली, "नीलिमा, ही चाळीस मिनिटंसुद्धा माझीच खात्री आहे गं, तपासलीय कुणी?" आणि तिने फोन लावला.

"चूक माझी आहे. नऊचा डोस देऊ नका."

मग डॉक्टर म्हणाले, इथे या आणि सगळं सांगा.

श्ट्रासनबानमध्ये, म्हणजे तिथल्या ट्रॅममध्ये, तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली. क्लिनिकात पोचलो तरी प्रोग्रॅम चालूच होता. मशीनवर त्या दिवशी आणखी कुणाचं तरी काम होतं. उत्तर आलं नऊ वाजून दहा मिनिटांनी. गाठ आक्रसल्यामुळे आधीच्याच डोसाने मणक्याच्या एका बाजूला मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट डोस पडणार होता. डॉक्टरांनी तिच्यासमोरच प्रोफेसरांचा नंबर फिरवला.

बाहेर बाकावर बेरेन्सबाई बसल्या होत्या, अंगात क्लिनिकाचा झगा, मांडीवर पर्स. आम्हाला बघून तडकल्या. साडेआठपासून बसलेय, एवढी मोठी यंत्रं आणि एकाला वेळ पाळता येत नाही, हा उशीर कुणामुळे?

"माझ्यामुळे," अहिल्या म्हणाली.

"मग लाज वाटू द्या जरा."

"वाटते आहे," ती म्हणाली, आणि त्यांच्या शेजारी बसून रडायला लागली.