धूर पिणाऱ्या दाण्यांचं वय

परदेशात शिकताना वाटायचं, गावी परतले की हवामानावर भाषणं द्यावी लागतील. येरमाळ्याजवळच्या साखर कारखान्यात आले, तर मलाच ऐकावं लागलं. आता वहीत आकड्यांपेक्षा किस्सेच जास्त झालेत.

चिमणीशेजारी आमचं चाचणीचं यंत्र आहे. त्यातले पांढरे दाणे धुरातला कार्बन डायऑक्साइड शोषतात, तापवले की सोडतात, पुन्हा शोषतात. असं किती वेळा करू शकतात, एवढंच बघायचं. दाणे लवकर थकले तर यंत्र पुण्याच्या प्रयोगशाळेला परत आणि ते चालवणाऱ्या भानुदासकाकांचं कामही संपलं.

गळीत हंगामाच्या मोळीपूजनाला काकांनी यंत्रावरही नारळ फोडला. पाणी आत गेलं, ओलाव्याचा अलार्म वाजला. वहीत कारणाच्या रकान्यात मी लिहिलं : उद्घाटन.

एकदा तपासणीचे दाणे ताटात वाळत ठेवले होते. झाडलोट करणाऱ्या शकुंतलाबाईंनी ते धान्यासारखे निवडले आणि पिवळे पडलेले फेकून दिले. थकलेले म्हणून मला नेमके तेच हवे होते! "खराब हुते की," त्या म्हणाल्या. निवड इतकी अचूक होती की तेव्हापासून पहिली तपासणी त्यांच्याकडेच आहे.

एका पाहुण्यांनी विचारलं, धुरातून काढलेला वायू परत हवेतच सोडता, मग उपयोग काय? मी पंधरा मिनिटं समजावलं. पाहुण्यांचा चेहरा तसाच. शेवटी काका म्हणाले, "साहेब, कुस्ती नंतर. आत्ता पैलवानाचा दम बघतोय."

आणि दम होता! महिना उलटला तरी बहुतेक दाणे ताजे. मी हरखून पुण्याला कळवलं; त्यांनी दुसऱ्या दिवशी अहवाल मागितला. त्याच संध्याकाळी यंत्रामागच्या कॅलेंडरवर काकांच्या हातचे पेन्सिलीचे आकडे दिसले. रोज पंच्याण्णव. माझ्या सूचनेत तर दाणे तापवायला एकशेवीस अंश होते, आणि काकांनी भरलेल्या वहीतही एकशेवीसच.

काकांची उमेदीची वर्षं भूमच्या खवाभट्टीवर गेलेली. ते शांतपणे म्हणाले, "ताई, जाळ मोठा केला की खवा करपतोय. म्या बारीक जाळावर जास्त येळ ठिवलं."

"मग वहीत एकशेवीस का लिहिलंत?"

"तुमी एवढं शिकून आलाव. तुमाला वाईट वाटू ने म्हणून."

खरं सांगितलं तर महिन्याची चाचणी बाद आणि काकांवर ठपका. गप्प बसले तर अहवाल झकास.

सकाळी मी कॅलेंडरचा फोटो पुण्याला पाठवला, सूचनापत्रावरचे एकशेवीस खोडले आणि नवे दाणे भरून पहिल्या दिवसापासून चाचणी सुरू केली. पंच्याण्णववर.