काळी शाल

मंगळवारी सकाळी माझा नवरा बूट घालायला बसला आणि उठला नाही. आम्ही कॉफी प्यायला निघालो होतो.

लिस्बनजवळच्या ज्या गावात आम्ही राहत होतो, तिथे कोपऱ्यावर कॉफीचं दुकान आहे. त्याच्या कामाची पाळी सुरू होण्याआधी आम्ही रोज तिथे जायचो. मायदेशी, माझ्या सासरी धारगळच्या घरात, आम्ही खिडकीला जनेल आणि टेबलाला मेज म्हणत आलो. इथे तेच शब्द ऐकले तेव्हा तो पहिल्यांदा या देशात मोकळा हसला. जनेलाजवळचं मेज आमचं झालं. तो कॉफीत पाव बुडवून खायचा. दुकानाची मालकीण, काळ्या कपड्यातली म्हातारी, आधी नाक मुरडायची. मग आदल्या दिवशीचा पाव त्याच्यासाठी बाजूला ठेवू लागली. म्हणायची, शिळा जास्त भिजतो.

अस्थी घेऊन मी धारगळला गेले. दहाव्या दिवशी नणंद माझ्याजवळ येऊन बसली. तिचा भाऊ गेला होता, तिचे डोळे सुजलेले होते, तरी ती माझ्या कपाळाकडेच पाहत होती.

“वैनी, आजच्या दिवस ती टिकली पुसून टाक गो. लोक काय म्हणतले? तिकडे गेल्यावर लाव हवी तर. थंय कोण बघता तुका?”

“मी बघतंय.”

बाहेर पडवीत बायका बसल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. टिकली मी डिचोलीच्या शाळेत जात होते तेव्हापासून लावते. तेव्हा धारगळ मला फक्त बसच्या पाटीवरून ठाऊक होतं. जे त्याने आणलं नाही, ते त्याच्याबरोबर जाणार नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. पण त्या पडवीत कुणी कारण विचारलं नाही. नणंदेने मी निघेपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं. मी टिकली काढली नाही.

परत आल्यावर पहिल्याच सकाळी दुकानात गेले. एकटीने ते दार ढकलायला वेळ लागला. म्हातारी गल्ल्यामागून बाहेर आली, तिने मला धरलं आणि जनेलापाशी बसवलं. मग आत जाऊन लोकरीची काळी शाल घेऊन आली.

“ही घे, पोरी. माझा माणूस गेला तेव्हा मला आईने दिली. आमच्यात बायका काळं घालतात. लोकांना कळायला हवं.”

“गल्लीला सगळं ठाऊक आहे. अँब्युलन्स आली तेव्हा सगळे जनेलात होते.”

“तरी घे.”

मी शाल तिच्या हातात परत दिली. घरच्या माणसांना नाही म्हणणं सोपं होतं, तिथे मला राग आला होता. इथे या बाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

“आमच्यात काढून घेतात, तुमच्यात घालायला देतात,” मी म्हटलं. “मला दोन्ही नको.”

तिने माझ्या कपाळाकडे बोट केलं. “आणि ते लाल? ते तुमच्यात चालतं?”

“नाही चालत. नणंद बोलत नाही माझ्याशी.”

“मग तुझ्या नणंदेचं आणि माझं छान जमेल,” ती म्हणाली आणि शाल स्वतःच्याच खांद्यावर टाकून आत गेली.

कॉफी आली. बशीत कालचा पाव होता.

“हा त्याला लागायचा,” मी म्हटलं. “मला ताजा दे.”

“आज सगळ्यालाच नाही म्हणायचं ठरवून आलीस?”

“हो.”

तिने बशी उचलली, पुटपुटत गेली आणि गरम पाव घेऊन आली. मी तो कोरडाच खाल्ला. सगळा संपवला.

आता तो नाही. जनेलाजवळचं मेज आहे. कपाळावर टिकली आहे. मी रोज सकाळी तिथे जाते.